भाड्याचं माहेर

माझी धाकटी बहीण माहेर विकते. हे मी बारामतीत चारचौघींत बोलले आहे, एकदा तिच्या तोंडावरही बोलले आहे. त्यात माझा जळफळाट दिसतो असं कुणी म्हटलं तर मी नाकारत नाही. जळतेच मी.

का जळते ते सांगायला कोरोनाच्या आधी जावं लागेल. तेव्हा आमच्या भागातल्या बायकांना घराबाहेर काढायचं काम माझं होतं. हिवाळ्यात एक आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत एक, अशा सहली मी काढायचे. कोल्हापूर, तुळजापूर, गणपतीपुळे. बस ठरलेली, ड्रायव्हर ठरलेला, पुढची एकटी सीट आणि माईक माझा. गाव सुटलं की प्रत्येकीने उखाणा घ्यायचा आणि जिला जमणार नाही तिने पुढच्या थांब्यावर सगळ्यांना चहा पाजायचा. घरात सासऱ्यापुढे तोंड न उघडणाऱ्या बायका माझ्या बसमध्ये घसा बसेपर्यंत गायच्या.

धाकटीला इंदापूर तालुक्यात दिलेली, उजनीच्या पाण्याकाठच्या गावात. बस सोलापूरच्या बाजूला जाणार असली की ती इंदापूरच्या स्टँडवर भाकरीचं गाठोडं घेऊन उभी असायची. तिला मी शेवटची सीट द्यायचे. पुढच्या सीटा बाहेरच्यांना, ती काय, घरचीच.

मग सगळं बंद झालं. जिल्ह्याच्या हद्दीवर पोलीस उभे राहिले, गावांच्या वेशीवर बाभळीचे काटे आडवे पडले. देवळं बंद, लॉज बंद. बसवाल्याने बस शेतात नेऊन लावली. तिच्या चाकांखाली गवत वाढलं, कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या आणि शेवटी त्याने ती विकून टाकली. पुढे रस्ते उघडले, पण बायका लांब जायला तयार होईनात. कुणाला लॉजच्या गाद्या नकोत, कुणाला बंद बसमधली हवा नको. मला भीती वाटली की यांची बाहेर पडायची सवय मोडली तर माझं काय राहील? म्हणून मीच म्हणाले, "तोवर एक दिवस माझ्या बहिणीकडं जाऊ. मोकळं रान हाय, पाणी हाय. पक्षी बघू, मासं खाऊ आन माघारी येऊ." माझ्या पायावर मीच धोंडा मारून घेतला.

दोन जीप करून गेलो. धाकटीच्या नवऱ्याने होडीतून लांबवर उभे असलेले गुलाबी पक्षी दाखवले. परत आलो तर तिने आंब्याखाली सतरंज्या घातल्या होत्या आणि ताटात तळलेली चिलापी मासळी, भाकरी, ठेचा. जेवण झाल्यावर एकीने सवयीने ताट उचललं, तर धाकटी केवढ्यांदा ओरडली! "ठेवा ते खाली. हितं कुणी ताट उचलायचं न्हाय. माहेरी आलाय असं समजा."

नंतर ती एकेकीच्या डोक्याला तेल लावत बसली. दुपारी सगळ्यांना झोपवलं. टाळेबंदीत वर्षभर यातली एकही माहेरी गेली नव्हती. एकीला तर आईचं तोंडही बघायला मिळालं नव्हतं. ती तेल लावून घेता घेता ढसाढसा रडली, आणि धाकटी नुसतं तेल जिरवत राहिली.

त्या बायकांनी फोटो काढले, पुण्याच्या नणंदांना, भावजयांना पाठवले. पुण्याच्या बायका आपापल्या गाड्या घेऊन हायवेने थेट तिच्या दारात उतरू लागल्या, माणशी पैसे मोजून. मागून सोलापूरच्या आल्या. सुट्टी मिळाली की महाबळेश्वर गाठणाऱ्या बायका आता माझ्या बहिणीच्या ओसरीवर घोरतात. माझ्या बायकांनी तर पहिल्याच खेपेला तिचा नंबर घेऊन ठेवला होता. दुसऱ्या खेपेला त्या मला न विचारता जाऊन आल्या, आणि मला ते भाजीच्या बाजारात दुसऱ्याच बाईकडून कळलं. वर ती मला म्हणते, "तुम्ही त्या ताईंच्या बहीण ना?" बारामतीत मला कोणाची तरी बहीण म्हणून ओळखतात! मी मेथी तिथेच ठेवून घरी आले.

तरी पुढच्या खेपेला गेलेच. न बोलावता, जीपमध्ये मधल्या सीटवर बसून. मनात म्हटलं, बघू तरी हिचं माहेर. तेल लावून घ्यायला मीही केस सोडून ओळीत बसले. तर धाकटी म्हणाली, "अक्का, तू घरचीच की. जरा भाकरी थापू लाग." मी चुलीपुढे धुरात बसून भाकरी थापल्या. बाहेर आंब्याखाली, ज्यांना मी पहिल्यांदा घराबाहेर काढलं, त्या डोळे मिटून तेल लावून घेत होत्या. भाकऱ्या करपल्या. मी करपू दिल्या.

निघताना तिने सगळ्यांच्या ओट्या भरल्या. खण, नारळ, गहू. तेवढंही मी सोसलं असतं. पण ओटी भरून झाल्यावर तिने एकेकीच्या पदरातले चार दाणे चिमटीत परत काढून घेतले आणि म्हणाली, "हे माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या. न्यायला पुन्यांदा यावं लागंल."

ही आमच्या आईची रीत. आख्ख्या वरकुट्यात, आमच्या माहेरच्या गावात, दुसऱ्या कुणाच्या घरी मी ती पाहिली नाही. आम्ही सासरी निघालो की आई असेच चार दाणे काढून घ्यायची, हेच म्हणायची आणि दाणे देवापुढच्या वाटीत टाकायची. कोरोनाच्या आदल्या वर्षी आई गेली. आम्हाला भाऊ नाही. घराला कुलूप लागलं ते लागलंच. आणि ते चार दाणे आज पुण्याच्या गाड्यांमधून उतरणाऱ्या बायकांसाठी!

बायका जीपकडे गेल्यावर मी तिला गाठलं. "आईचं बी विकायला काढलंस व्हय?"

ती खाली पडलेले गहू वेचत होती. तिने मान वर केली नाही. "आई गेल्यावर थोरलीचं घर माहेर असतंय म्हनत्यात, अक्का. आई गेल्यापास्नं तुझ्या घरी मी दवाखान्याला आले तवाच आले. त्याच्या आदी तुझ्या बशीत बसले, ती मागल्या सीटवर. मला कुणी बस म्हनत न्हाय, मग मी दुसरीला म्हनती. म्हनताना तेवढंच आई घरात असल्यावानी वाटतंय."

मी जीपमध्ये जाऊन बसले. बारामती येईपर्यंत बायका तिचं कौतुक करत होत्या आणि मला तिचा राग येत होता, तिचं खरं होतं म्हणून जास्तच.

दुसऱ्या दिवशी फोन केला. "रविवारी माझ्याकडं ये, राहायला."

"रविवारी बुकिंग हाय गं."

"मग शनिवारी."

"सोलापूरच्या बायका हायत."

जिला मी तारीख न विचारता, फक्त वेळ सांगून स्टँडवर उभं करायचे, तिच्याकडे आता मी तारीख मागत होते. शेवटी तिने मला सोमवार दिला.

ती एसटीने आली, गाठोडं घेऊनच. मी हुलग्याची शेंगोळी केली होती. पहिल्या घासाला म्हणाली, "आईसारखी न्हाय झाली." मी म्हटलं, "गप गिळ." जेवून ताट उचलायला लागली तर मी अशी ओरडले की शेजारीण डोकावली. मग तिला पुढ्यात बसवून तिच्या डोक्याला तेल लावलं. केस पुष्कळ पांढरे झालेत तिचे. तिने डोळे मिटले आणि तिचा फोन वाजला. पुन्हा वाजला. ती उठायला लागली, मी तेलकट हाताने तिचं डोकं दाबून धरलं आणि फोन मीच घेतला.

पुण्याची बाई होती. "ताई आहेत का? या रविवारी..."

"न्हाईत. त्या माहेरी आल्यात," मी म्हणाले आणि फोन पिठाच्या डब्यात टाकून वर झाकण लावलं. धाकटी हसत होती की रडत होती ते पाठमोरी असल्यामुळे मला दिसलं नाही. फोन डब्यात वाजत राहिला आणि ती तिथेच आडवी होऊन झोपली.

संध्याकाळच्या एसटीने तिला परत जायचं होतं, मंगळवारी पाहुणे होते. मी तिची ओटी भरली. खण, नारळ, गहू. मग दाणे परत घ्यायला तिच्या पदरात हात घातला, आणि आईसारखे चार नाही काढले. मूठभर काढले.