वाकून बघणारी बुधाबाई

बुधाबाई कुठलीही वस्तू विकत घेताना आधी वाकून बघायची. म्हणजे ती वस्तू अंगावर चढवायची आणि दुकानातच कमरेतून पार खाली वाकायची, झाडाखालचं मोहफूल वेचावं तशी. ब्लाउज असो, चपला असो, नातवासाठी घेतलेली टोपी असो. टोपी स्वतःच्या डोक्यावर घालून वाकली होती. दुकानदारांना वाटायचं, म्हातारीचे पैसे पडले. ते बिचारे काउंटरखाली शोधायला लागायचे.

"उभ्यानं सारंच चांगलं दिसते," ती म्हणायची. "आपलं आयुष्य वाकण्यात गेलं. वाकल्यावर कसं रायते ते पाहावं लागते."

नागभीडपासून आत, जंगलाला लागून आमचं गाव आहे. ती गोंडाची, मी ढिवराची. आमची माणसं तलावात मासे धरायची, तिची माणसं धान पेरायची आणि जंगलातून मोह, डिंक, विडीसाठीचं तेंदूपान आणायची. तिचं घर आणि माझं घर यांच्यात एक बोळ. दोघी एकाच साली लग्न होऊन आलो. नवरेही मागेपुढे गेले. त्यानंतर मीही मासे सोडून तिच्याबरोबर जंगलात जाऊ लागले, कारण घरात दुसरं कोणी कमावणारं नव्हतं. आम्ही मैत्रिणी होतो असं लोक म्हणतात. मला तसं काही वाटत नव्हतं. रोज सकाळी एकमेकींशिवाय निघायचं नाही, एवढंच होतं. वाघाच्या जंगलात एकटं कोणी जात नाही.

चालायला ती हळू होती आणि बोलायला फटकळ. मी थकले म्हटलं की म्हणायची, "मंग बस. झाड काई पळून नाई राह्यलं." ती स्वतः थकली असं मात्र कधी म्हणायची नाही. थकली की नुसती गप्प होई.

मग तिला मुतखडा झाला. एका मोहाच्या हंगामात ती झाडाखालीच पोट धरून आडवी झाली. मी आणि आणखी एका बाईनं धरून घरी आणली. नागभीडच्या डॉक्टरनं सांगितलं, पाणी पीत राहा. एकदम तांब्याभर नको, दिवसभर थोडं थोडं. उन्हात जायचंच असेल तर पाणी जवळ पाहिजे. उन्हाळ्यात आमच्या जंगलातले नाले कोरडे असतात. पाणी न्यायचं तर घरून न्यायचं.

तिचा मुलगा सुरेश चंद्रपूरला वीजकेंद्रात कंत्राटी कामाला आहे. तो आला आणि त्यानं सरळ सांगितलं, "आई, आता एक खेप जरी पडली ना, तं मी काई आयकणार नाई. चंद्रपूरले न्यायची म्हंजे न्यायची."

"अन् तिथी करू काय?"

"काई नको करू. बसून राय."

"बसून रायले मी काय देव आहो?"

सुरेश हसला, पण त्यानं शब्द मागे घेतला नाही. मुलगा वाईट नव्हता. आईला जपायचं तर असंच बोलावं लागतं. तो गेल्यावर बुधाबाई मला म्हणाली, "घरात बसली ना व, का मले माह्याच घरी पाहुणी आल्यावानी वाटते." त्या दिवसापासून तिला एकच धास्ती होती, पडायचं नाही. पडली की जंगल संपलं.

आता पाणी न्यायचं कसं, हा प्रश्न होता. डोक्यावर कळशी नेता येत नव्हती, कारण तिचा उजवा खांदा वर जात नव्हता. खांद्याला बाटली अडकवली तर वाकताना ती पुढे येऊन हनुवटीवर आपटायची. पाठीवर नातवाची शाळेची बॅग घेतली, तर वाकल्यावर बॅग डोक्यावर चढली आणि बुधाबाई तोंडावर पडता पडता वाचली. मग लुगड्याच्या काठानं बाटली कमरेला बांधली. झाकण सैल झालं आणि सगळं लुगडं भिजलं. बायांनी तिला दिवसभर छळलं. "बुधाबाई, या वयात व?" तिनं त्यांना ज्या शिव्या दिल्या त्या मी इथं लिहीत नाही.

त्याच महिन्यात नागपूरहून काही पोरंपोरी डोंगरावर फिरायला आली. सकाळी चढायचं, संध्याकाळी उतरायचं, हौस म्हणून. त्यातल्या एका मुलीच्या कमरेला मागच्या बाजूनं एक लहान बॅग होती आणि बॅगेच्या दोन्ही अंगांना एकेक बाटली खोचलेली. मुलगी बुटाची नाडी बांधायला वाकली. बाटल्या जागच्या हलल्या नाहीत. बुधाबाईनं ते पाहिलं आणि ती त्या मुलीच्या मागं चालायला लागली. पार नाल्यापर्यंत. मुलगी शेवटी घाबरून थांबली.

"आजी, काही हवंय का?"

"नाई बाई. तू चाल. मी तुही कंबर पाहून राह्यली."

मी मधे पडून समजावलं, नाहीतर पोरीनं काय समज करून घेतला असता कोणास ठाऊक. तिनं बॅग काढून दाखवली. चंद्रपुरात मिळेल म्हणाली.

आम्ही दोघी रेल्वेनं चंद्रपूरला गेलो. चैताचं ऊन होतं. पहिल्या दुकानात शाळेची दप्तरं दाखवली, दुसऱ्यात बायकांच्या पर्सा. तिसरं दुकान खेळाच्या सामानाचं. तिथला दुकानदार तरुण होता. त्यानं तीन बॅगा काढून ठेवल्या.

"माँजी, कोणासाठी पाहिजे? नातू ट्रेकिंगला जाते का?"

"माह्यासाठी."

"तुम्ही जाता ट्रेकिंगला?"

"ते काय असते?"

"जंगलात फिरायचं, डोंगर चढायचा. शौक असते लोकांना."

"मंग रोजच जातो बापा," ती म्हणाली, "पण शौक कोणाले हाय?"

पहिली बॅग तिनं बांधली आणि म्हणाली, बाटल्या भरून आण. दुकानदार म्हणाला, नवा माल आहे, पाणी कसं भरू? तिनं विचारलं, "मी जंगलात रिकाम्या बाटल्या नेणार आहो का?" त्यानं कपाळाला हात लावला आणि कॅनमधलं पाणी भरून दिलं. ती वाकली. एक बाटली सटकून जमिनीवर पडली आणि कॅरमबोर्डांच्या थप्पीखाली गेली. दुकानदार ओणवा होऊन काढायला लागला. ही त्याला वरून म्हणते, "पाय, तू कसा वाकला. तुह्या खिशातला फोन पडला काय? नाई ना. तसं पाहिजे मले."

दुसऱ्या बॅगेला पट्टा बारीक होता. भरल्यावर ती सरकून बरगड्यांपर्यंत वर गेली आणि पट्टा पोटात रुतला. ती काढून ठेवली. तिसरीचा पट्टा रुंद होता, कमरेच्या हाडावर बसत होता, आणि बाटल्यांची घरं तिरपी होती. हात मागं नेला की बाटलीचं तोंड बरोबर हाताला लागायचं, खांदा वर न्यावा लागत नव्हता. ती वाकली, उकिडवी बसली, उठली, दुकानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पानं तोडत गेली. पानं नव्हती, पण हात तसाच चालत होता. बाहेर लोक जमले. बसल्यावर पुढचं प्लास्टिकचं बक्कल पोटाला चावत होतं, म्हणून तिनं ते फिरवून बाजूला घेतलं. मग बरं झालं.

तशाच पट्ट्याची, पण एकाच बाटलीची बॅगही होती. मी म्हटलं, "एकच घे. दोन भरल्या तं ओझं होईल. कंबर तुही का माही?"

"एक घेतली अन् कोणी पाणी मागतलं तं?"

मी एका बाटलीची परत ठेवली. आमच्याकडं जंगलात पाणी मागितलं तर नाही म्हणत नाहीत. कोणीही असो, ओळखीचं, बिनओळखीचं, ज्याच्याशी बोलणं बंद आहे तोही. ज्याच्याजवळ पाणी आहे त्यानं द्यायचं, आणि मागणाऱ्याचं पिऊन होईपर्यंत आपण प्यायचं नाही. कोणी हे शिकवलेलं नाही. असंच चालत आलं आहे.

"उजवी माही," बुधाबाई म्हणाली. "दवाईची. डावी मागणाऱ्याची. मंग भांडण नाई."

रंग तिनं केशरी घेतला. काळी तापते, हिरवी झुडपात दिसत नाही, आणि मी कुठं पडले तर तुम्हाला दिसली पाहिजे, असं तिचं म्हणणं. भाव करताना ती कुणाला हार जात नसे. दुकानदार शेवटी म्हणाला, "घेऊन जा माँजी, पण परत नका येऊ."

तेंदूपानाचा हंगाम लागला. पहिल्याच दिवशी बाया तिला बघून हसायला लागल्या.

"काय व बुधाबाई, पोलिसात लागली का? दोन दोन बंदुका लटकवल्या!"

"हो. पयले तुलेच धरतो."

पण ती बॅग कामाची निघाली. भल्या पहाटे निघायचं, कमरेएवढ्या झुडपांची पानं तोडत वाकून वाकून पुढं जायचं, ऊन चढलं की भारा बांधून परतायचं. त्यात ती थोडं थोडं पाणी पीत राहिली. कुणाचा हात उजवीकडं गेला की चापट मारायची. "तिकडची दवाईची हाय. इकडची घे." तिचं पोट दुखायचं थांबलं. लघवीची आगही गेली, असं मला तिनंच सांगितलं. सुरेशचा फोन आला की ऐटीत बोलायची. तिचा स्वतःचा फोन नेहमी बंद पडलेला असे, म्हणून तो माझ्याच फोनवर करायचा.

हंगाम संपत आला होता. एक दिवस आम्ही परत निघालो तर पलीकडच्या गावच्या दोन बाया झाडाखाली बसलेल्या दिसल्या. त्या आपल्या लोकांपासून चुकल्या होत्या. एक नवीन लग्न झालेली, पोटुशी. तिचे ओठ पांढरे पडले होते. बुधाबाईनं डावी बाटली दिली. ती बाटली दोघींनी मिळून संपवली. पोरगी अजून तशीच. तेव्हा हिनं उजवीही काढली.

मी म्हटलं, "दोन घोट ठेव तुह्यासाठी. गाव दूर हाय."

"अन् तिच्या समोर पिऊ? कोणच्या तोंडानं?"

थोडं पाणी पोरीच्या डोक्यावर थापलं, बाकीचं तिला पाजलं. पोरगी उठली. आम्ही त्यांना गाडीरस्त्याला लावून दिलं आणि आमच्या वाटेला लागलो. बुधाबाई गप्प झाली. मला ते कळलं, पण माझ्याजवळ पाणी नव्हतं. माझं सकाळीच संपलं होतं.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, तिचे पाय वाकडे पडायला लागले. भारा खाली पडला आणि मागोमाग ती. पाळीच्या उतारावरून घसरत पाण्याकडं चालली होती. मी बॅगेचा पट्टा धरला आणि दोन्ही टाचा रोवून तिला वर ओढलं. ते बक्कल तुटलं असतं तर ती तलावात गेली असती. कपाळ फुटलं होतं. तलावाचंच पाणी ओंजळीनं तिच्या तोंडावर मारलं. तिनं डोळे उघडले.

"सुरेशले सांगू नको व, पारबता."

"सांगीन."

"एक साल. पुढच्या सालापासून मी आपणच नाई येत."

"हे तू मागच्या साली पण म्हणली."

संध्याकाळी सुरेशचा फोन आला. मी सांगितलं, पडली, कपाळ फुटलं, तलावात जात होती. काही झाकलं नाही, काही वाढवलं नाही. दुसऱ्या दिवशी तो आला. तिनं भांडण केलं नाही. पेटीत लुगडी भरली, कोंबड्या शेजारी दिल्या. बॅग खुंटीवर तशीच राहिली. ती मी आणली, कारण उंदरांनी खाल्ली असती. मला पट्टा लांब होतो, गाठ मारून वापरते.

बसथांब्यावर मी गेले. ती माझ्याकडं बघत नव्हती. बस आली तेव्हा म्हणाली, "तू सांगतलं नसतं तं अजून एक साल जंगलात गेली असती मी."

"गेली असती. वर गेली असती."

तिला हसू आलं. तोंड फिरवून बसमध्ये चढली.

चंद्रपुरात ती तीन वर्षं जगली. मुतखडा पुन्हा झाला नाही. सून वेळेवर पाणी द्यायची, डॉक्टर खूश होता. गेली ती थंडीत, झोपेत, कसलाही त्रास न होता. सगळे म्हणाले, असं मरण यावं.

त्याच्या आधी दिवाळीला मी तिच्याकडं गेले होते. दुसऱ्या मजल्यावर खिडकीशी खुर्चीत बसली होती. अंगानं भरली होती, हात मऊ पडले होते. मी तिच्या पायाशी बसले. मग ती म्हणाली, "तू सांगतलं म्हणून मी जित्ती आहो. नाई का?"

मी म्हटलं, "हो."

"मंग दिवसभर करू काय, ते पण सांग."

तिनं रागानं विचारलं नव्हतं. खरंच विचारत होती. मी जंगलात वाट, पान, पाणी, काहीही विचारलं की ती लगेच सांगायची. सूनबाईनं चहा आणला. तो पिऊन मी गाडीच्या वेळेआधीच निघाले.

आज सुरेशचा फोन आला तर मी पुन्हा तेच सांगेन. त्यात माझी चूक नव्हती. पण तिनं विचारलेलं मला अजून सांगता येत नाही, आणि शहरात दिलेल्या माझ्या मुलीनं परवा फोनवर मलाही विचारलं आहे, आई, आता पुरे, इकडं राहायला कधी येतेस.