भुतांच्या कोठारातली डंगरी

आर्डिथचा जन्म गेला घरच्यांचे कपडे धुण्या-शिवण्यात, आणि आता सहासष्टाव्या वर्षी ती चांगले धडधाकट कपडे फाडत बसली होती. फाडायचे, चिखलात लोळवायचे, वर मक्याच्या पाकात लाल रंग कालवून रक्त म्हणून शिंपडायचा. तोही तिच्या सुपाच्या पातेल्यात कालवलेला. गाई विकल्या, डुकरं विकली, तेव्हा तिच्या धाकट्या भावाला, डुएनला, अक्कल सुचली की हॅलोविनच्या महिन्यात शेतावरच्या जुन्या कोठारात भुतं नाचवायची आणि तिकीट लावायचं. तेरा वर्षं झाली त्याला. अर्ध्या इंडियानातून लोक इथं किंचाळायला येतात. या लोकांना घरी कामं नसावीत, असं आर्डिथचं मत.

शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढलेली बाई. तिनं सगळं चालवून घेतलं. पण शनिवारी माडीवरची पेटी उघडली, तर वडिलांची जपून ठेवलेली, खांद्यावर पट्टे असलेली कामाची डंगरी गायब. ती तशीच कोठारात गेली. कणसं खुडायचं जुनं यंत्र डुएननं आत ओढून आणलं होतं. त्यात एक बाहुला कोपरापर्यंत अडकवलेला, आणि त्याच्या अंगात ती डंगरी. कळ दाबली की यंत्र धडधडायचं नि बाहुला बोंबलायचा.

"उतरव ते," आर्डिथ म्हणाली.

"लोकांना खरं हवं असतं, आर्डी. रबरी भुतांना आता काळं कुत्रं विचारत नाही."

"बाप आहे तो आपला."

"मला कुठं आठवतोय? चार वर्षांचा होतो मी."

"तुझ्यापुढं डोकं फोडून उपयोग नाही. पण ही डंगरी इथं राहिली, तर मी राहत नाही. गावात खोली बघते."

"उद्या शेजारी काय म्हणतात ते ऐक, मग बोल."

दरवर्षी तिकीट सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी, दुपारी, शेजाऱ्यांना फुकट फिरवतात. बिचारे पुढं महिनाभर किंकाळ्या नि गाड्या सोसतात, त्याची भरपाई. या वेळी पलीकडच्या शेतातला ऑर्विलही आला, अठ्ठ्याऐंशी वर्षांचा, काठी टेकत. वडील याच यंत्रात सापडून गेले तेव्हा धावत येऊन ट्रॅक्टर बंद करणारा हाच. आर्डिथनं डुएनला खुणेनं दहादा बजावलं, नको म्हणून. पठ्ठ्यानं कळ दाबलीच.

बाहुला बोंबलू लागला. ऑर्विलनं डोक्यावरची टोपी काढली आणि तिथंच उभा राहिला. मागचे लोक खोळंबले.

"कसं वाटलं, ऑर्विल?" डुएननं विचारलं. निर्लज्जपणाची कमाल झाली.

"चुकलंय तुझं," म्हातारा म्हणाला. "तुझा बाप रॉय ओरडला नव्हता. एवढंच म्हणत होता, धाकट्याला इकडं येऊ देऊ नका."

डुएननं कळ बंद केली. मग तो बाहुल्याच्या खांद्यावरच्या, डंगरीच्या बकलांशी झटत बसला, पण एक निघेल तर शपथ.

"मी कुठं होतो तेव्हा?" त्यानं वर न बघता विचारलं.

"अंगणात," आर्डिथ म्हणाली. "मी धरून ठेवलं होतं तुला. चावत होतास मला."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू कधी विचारलंस का रे?" आर्डिथ म्हणाली, आणि त्याचे हात बाजूला सारून तिनं बकलं सोडवायला घेतली.