वडीलधारे साक्षीदार

बाबांनी मृत्युपत्र तीनदा केलं. वाटणी तीच, बिबवेवाडीचा फ्लॅट आम्हा दोघी बहिणींना. बदलायचे ते साक्षीदार. सहीला वडीलधारी माणसंच हवीत, हा त्यांचा हट्ट. म्हणून ऐंशीच्या पुढचे शेजारी रिक्षातून वकिलांकडे न्यायचे आणि वर्षा-दोन वर्षांत त्यांच्याच तेराव्याला जाऊन यायचं, हे काम माझ्याकडे.

“अहो, तुमच्या मागे कोर्टात उभा राहील असा साक्षीदार आणा,” वकील दर वेळी सांगत.

“पोरासोरांच्या सहीला काय किंमत?” बाबा म्हणत.

परवा तिसऱ्या मृत्युपत्राचा शेवटचा साक्षीदारही गेला. वकिलांना पुन्हा फोन करायचं माझ्या अगदी जिवावर आलं होतं. बाबा गॅलरीत बसले होते. म्हणाले, “आता सोसायटीत माझ्याहून मोठं कोणी उरलंच नाही गं.”