अप्पांच्या शिंकांवरचा उतारा

माझ्या वडिलांवर मी आयुष्यात एकदाच औषधशास्त्राचा प्रयोग केला. वडील वाचले. शास्त्राबद्दल मात्र मला खात्री नाही.

अप्पा वेरूळला परवानाधारक गाइड होते. आम्ही राहायचो हर्सूलला. पाऊस सरला की हर्सूलपासून वेरूळपर्यंत गाजरगवत फुलायचं आणि अप्पांच्या शिंका सुरू व्हायच्या. एका वेळी सात! त्यातली प्रत्येक शिंक लेण्यात चारदा घुमायची, आणि पाहुणे शिल्प सोडून छताकडे बघायला लागायचे. (दगड सुटला की काय!)

त्या वर्षी दिल्लीहून एक मोठे साहेब गाइडांची तपासणी करायला येणार होते. ज्याचं सांगणं पसंत पडणार नाही त्याचा परवाना जाणार. नवी पोरं फ्रेंच, जपानी शिकून आलेली. अप्पांकडे मराठी, हिंदी, उर्दू आणि स्वतःच्या जोखमीवर बोललेलं इंग्रजी. बावीस वर्षांचा परवाना शिंकेपायी जाईल या धास्तीनं त्यांचं जेवण सुटलं होतं.

मी तेव्हा बी.फार्म.ला होतो. औषधशास्त्र हा विषय सुरू होऊन दीड महिना झाला होता, म्हणजे त्यातलं माझ्याइतकं जगात कुणालाच कळत नव्हतं! तपासणीच्या दिवशी सकाळी मी अप्पांना समोर बसवलं.

"अप्पा, शरीरात रिसेप्टर असतात. म्हणजे कुलपं. हिस्टामीन नावाची किल्ली त्यात बसली की शिंक येते. आपलं औषध आधीच कुलपात जाऊन बसतं. किल्लीला जागाच नाय!"

अप्पांनी विचार केला. "म्हंजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतेत, तसं?"

"व्हय, तसंच!"

"मंग सरळ सांग की. सकाळी सकाळी कुलूप कशाला लावायलास?"

आमच्या घरात उरलेली गोळी फेकायची नाही असा दंडक होता. सगळ्या नातेवाइकांच्या उरलेल्या गोळ्या एका बिस्किटाच्या डब्यात जमा व्हायच्या. मी त्यातून सर्दीची एक गोळी ऐटीत काढली आणि अप्पांना दिली.

दहा मिनिटांनी अप्पा शिंकले. सात वेळा.

"सुधाकर, तुझा रुमाल खाली पडला वाटतं," ते म्हणाले.

गोळी पोटात विरघळते, मग रक्तात उतरते, मग कुठं कामाला लागते. त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. हे मला परीक्षेत अचूक लिहिता आलं असतं. पण समोर सख्खा बाप शिंकत असला की माणूस परीक्षेसारखा वागत नाही! तेवढ्यात शेजारच्या काकू आपली पिवळी गोळी घेऊन आल्या.

"माझ्या शिंका हिनंच गेल्या. लई गुणाची हाय. देऊ का, डॉक्टर?"

'डॉक्टर' ऐकून मी विरघळलो (त्या गोळीपेक्षा लवकर). "द्या की! नाव वेगळं आहे, म्हणजे औषध वेगळं," मी म्हणालो. एवढ्या आत्मविश्वासानं मी पुढे आयुष्यात कधीच चुकलो नाही.

निघताना आईनं अप्पांना दोन चमचे खोकल्याचं पातळ औषध पाजलं. मी हटकलं तर म्हणाली, "हे खोकल्याचं हाय. शिंकेचा आन् याचा काय संबंध?" आणि गोळ्यांच्या दोन्ही पाकिटांसोबत बाटलीही माझ्या पिशवीत टाकली.

अप्पांचा वैद्यकीय सल्लागार म्हणून मी सोबत निघालो. दौलताबादच्या घाटात शिंका थांबल्या! मी धन्य झालो आणि कौतुकानं गोळीच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली. मग काकूंच्या पाकिटावरची. मग बाटलीवरची. तिन्हींत औषध तेच! एका सीटवर मी तीन रुमाल टाकले होते. शिवाय हे औषध नाकाशी थांबत नाही, मेंदूतही जातं, आणि तिथल्या नेमक्या त्याच सीटा माणसाला जागं ठेवतात. (दुष्परिणामांचा धडा पुढच्या आठवड्यात होता.)

"सुधाकर," अप्पा जांभई देत म्हणाले, "आज घाट लई मऊ लागायलाय."

बापाचा परवाना माझ्या हातून जाणार, या विचारानं अक्षरशः रडू येत होतं. उतरल्याबरोबर मी त्यांना तीन कप चहा पाजला. अप्पांचे डोळे आणखी मिटले.

साहेब आले. सोबत आठ-दहा अधिकारी. कैलास लेण्यात अप्पांनी दगडी हत्तीला टेकून पाच मिनिटं कशीबशी काढली. मग सगळ्यांना दहाव्या लेण्यात नेलं. तिथल्या कमानी छताखाली हळू बोललेलंही घुमतं. अप्पा बुद्धमूर्तीसमोर जाऊन थांबले.

"साहब, बैठिए. यहाँ बैठके देखनेका रहता," ते म्हणाले, मांडी घालून बसले आणि डोळे मिटले.

साहेब क्षणभर बघत राहिले आणि तेही बसले. साहेब बसले म्हणून अधिकारी बसले. सगळ्यांनी डोळे मिटले. मी खांबामागं उभा राहून देवाचा धावा करत होतो.

आणि अप्पा घोरायला लागले! खर्जात, संथ, लांबलचक. छतानं तो आवाज उचलला आणि साऱ्या लेण्याला लावला.

साहेबांनी एक डोळा उघडून मला विचारलं, "ये कौनसा पाठ है?"

"जी... बहुत प्राचीन है," मी म्हणालो.

वीस मिनिटांनी साहेब उठले तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते. "सब गाइड बोलते ही रहते हैं," ते म्हणाले, "पहली बार किसी ने चुप रहना सिखाया." परवाना तिथल्या तिथं कायम झाला. मी अप्पांना हलवून जागं केलं आणि हाताला धरून एसटीत बसवलं.

हे औषध अर्धं उतरायलाच जवळजवळ एक दिवस लागतो. अप्पा दुसऱ्या दिवशी दुपारी भानावर आले. मी त्यांचे पाय धरले. "अप्पा, चूक झाली. माझ्यामुळं तुम्ही साहेबांसमोर झोपलात."

"झोपलो? येडा झाला का तू!" अप्पा उठूनच बसले. "आरं, मी त्यांला समदं इस्कटून सांगितलं की! छन्नी, हातोडा, राजे, कारागीर... उभ्या जन्मात इतकं गोड कधी बोललो नव्हतो मी!"

त्यांचा चेहरा असा उजळला होता की मी धरलेले पाय सोडून दिले. अप्पांच्या त्या उत्तम भाषणाचा विषय मी पुन्हा कधीच काढला नाही.

पुढे मी याच विषयाचा प्राध्यापक झालो. औषध पोटात दिलं की गुण यायला अर्धा तास लागतो, शिरेतून दिलं की मिनिटभर, असं मी दरवर्षी फळ्यासमोर उभा राहून तळमळीनं सांगतो. मागं वळून बघतो, तर वर्गातली मुलं कानातून घेतलेल्या औषधावर केव्हाच झोपलेली असतात!