टेकडीचे सरपंच

नंदनवन वस्तीच्या पलीकडे शहर संपायचं आणि चंपतरावांचं राज्य सुरू व्हायचं. राज्य कसलं, मुरमाड टेकडी आणि बाभळी! एकसष्ट साली कन्हानच्या खाणीतलं काम सोडून ते बायकोला, रुखमाबाईला, घेऊन इथं आले, तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. पण गड्यानं बाभळी तोडल्या, झोपडं उभारलं, गावाकडच्या चार घरांना बोलावून घेतलं. चाराची साठ घरं झाली, ग्रामपंचायत आली, आणि सरपंच दुसरं कोण होणार? भांडण नवरा-बायकोचं असो की कुंपणाचं, चंपतरावांनी सुपारी कातरत दिलेला निकाल म्हणजे निकाल. खुर्चीचा त्यांना भारी सोस.

पाणी मात्र टेकडीवर नव्हतं. उताराखालच्या विहिरीवरून रुखमाबाई घागरी वाहत, पार गुडघे सुजेपर्यंत.

पुढं गाव शहराच्या हद्दीत घालायची गोष्ट निघाली. हद्दीत गेलं तर नळ मिळणार, पण पंचायत बरखास्त. सभेत तीन पंच इकडे, तीन तिकडे झाले. मत राहिलं सरपंचांचं. त्यांचा जुना दोस्त नत्थूजी कानाशी लागला, "शहरात गेल्यावर तुले कोण पुसते गा? काहून आपल्याच पायावर धोंडा पाडून घेऊन राहिला?"

चंपतरावांनी घाम पुसला आणि नळाच्या बाजूनं हात वर केला. सरपंचाचे आता थेट नगरसेवक होऊ, असा त्यांचा हिशेब होता. खोटं कशाला बोला!

नळ आला. नळामागून प्लॉट पाडणारे आले, पक्की घरं आली. महापालिकेची निवडणूक लागली तोवर जुनी साठ घरं त्या गर्दीत कुठल्या कुठं हरवली होती. चंपतराव दारोदार फिरले. लोक चहा पाजायचे आणि तुम्ही कुठले, असं विचारायचे. डिपॉझिट जप्त झालं.

निकालानंतर ते अंगणात बसून होते. रुखमाबाई नळाखाली भांडी घासत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "खुर्ची गेली तं जाऊ द्या. माह्या डोक्यावरची घागर तं उतरली. तुम्ही माह्यासाठीच हात वर केला, मले माहीत हाय."

चंपतरावांनी नुसती मान हलवली. हात वर करताना त्यांना महापालिकेतली खुर्ची दिसत होती. बायकोची घागर आठवलीसुद्धा नव्हती. आता मात्र तिच्याकडे बघायची त्यांना लाज वाटू लागली.