दीनानाथ भाऊजींची तिसरी खोली

मी केलं ते वाईटच केलं, हे आधीच सांगून टाकते. मग पुढचं ऐका.

दीनानाथ भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. केंद्र सरकारात क्लार्क, लग्न नाही, लक्ष्मीबाई नगरात दोन खोल्यांचं क्वार्टर. ब्याण्णव साली दिल्लीत नव्या कंपन्या यायला लागल्या, माझ्या नवऱ्याला, राजीवला, तिथे नोकरी लागली आणि आम्ही दोन महिन्यांसाठी म्हणून त्यांच्याकडे उतरलो. एकोणीस वर्षं राहिलो. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. मैत्रेयी झाली तेव्हा भाऊजींनी आपली खाट आपणच व्हरांड्यात नेली. मी तोंडदेखलंसुद्धा नको म्हटलं नाही.

त्यांना वेड एकच, आकाशाचं. गणपतीत मंडळात दरवर्षी त्यांचं भाषण असायचं, अंताक्षरीच्या आधी, लोक जमेपर्यंत. २०११ साली ते दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांवर बोलले.

"काही राक्षसी ग्रह ताऱ्याला अगदी खेटून फिरतात," ते म्हणाले, "पण तिथेच जन्मले असं नाही. ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा थोडा उजेड त्याच्या हवेतून गाळून आपल्याकडे येतो. त्यावरून हवेत काय आहे ते कळतं. ताऱ्यापासून दूर, जिथे पाण्याचा बर्फ होतो, तिथे बराच ऑक्सिजन बर्फात अडकतो. उरलेल्या वायूत कार्बनचं प्रमाण चढतं. त्या वायूतून बनलेला ग्रह पुढे कितीही आत सरकला, तरी त्याच्या हवेत ती खूण राहू शकते. मध्येच त्याने बर्फ गिळला असेल तर गणित बदलतं. अजून पक्कं काही नाही."

मैत्रेयी पहिल्या रांगेत बसून लिहून घेत होती. मी जांभया देत होते.

त्याच महिन्यात ते रिटायर झाले, आणि आमचा गुडगावचा फ्लॅट तयार झाला. तीन बेडरूम. "दादा, तिसरी खोली तुझी," असं राजीव त्यांना केव्हाच बोलून बसला होता. भाऊजींनी फ्लॅटच्या नकाशावर पेन्सिलीने दुर्बिणीची जागाही काढून ठेवली. "अरुणा, बाल्कनीतून उत्तर दिसते. बिल्कुल बढिया." मी म्हटलं, "बघू." त्या खोलीसाठी मी ट्रेडमिल सांगून ठेवली होती. एकोणीस वर्षं दुसऱ्याच्या ओट्यावर पोळ्या लाटल्या. उपकार करणारा माणूस मला रोज समोर नको होता, बस्स.

रिटायर झाल्यावरही क्वार्टर काही महिने ठेवता येतं. पण नाकासमोर चालणारा माणूस तो. "सगळे एकदमच जाऊ," म्हणाले, आणि आम्ही निघायच्या दिवशी सकाळीच किल्ल्या ऑफिसात जमा करून आले.

ट्रक भरला. त्यांची ट्रंक आणि दुर्बीण पायरीवर राहिली. मी म्हटलं, "भाऊजी, तुमचं नंतर बघू. जागा नाही."

"चालेल की, मी दुसऱ्या फेरीला येतो."

"ट्रकमध्ये नाही. घरात."

राजीव दोरी बांधत होता. तो बांधतच राहिला.

भाऊजींनी कोटला मुबारकपूरला गच्चीवरची खोली घेतली. वास्तुशांतीला आले ते मैत्रेयीने फोन केला म्हणून. राजीवच्या साहेबांच्या बायकोने विचारलं, "ये कौन हैं?" भाऊजींच्या सदऱ्याची कॉलर झिजलेली होती. मी म्हटलं, "हमारे पुराने पड़ोसी." भाऊजी हातभरावर श्रीखंडाची वाटी घेऊन उभे होते. मला वाटलं, आता बोलतील. ते त्या बाईंना नमस्कार करून म्हणाले, "जी. लक्ष्मीबाई नगर में साथ रहते थे." वाटी संपवून गेले. मैत्रेयी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. ते पुन्हा आले नाहीत.

दोन वर्षांनी हॉस्पिटलमधून फोन आला. आम्ही पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "बॉडी सिर्फ रिश्तेदार को मिलेगी." राजीव म्हणाला, मी सख्खा भाऊ आहे. त्या माणसाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "शक्ल तो मिलती है," म्हणाला, आणि भरती होताना भाऊजींनी स्वतः भरलेला फॉर्म आमच्यापुढे सरकवला.

सरकारी क्लार्कचं वळणदार अक्षर, कुठे खाडाखोड नाही. नातेवाईकाच्या रकान्यात लिहिलं होतं, कोणी नाही. त्याखाली माझं नाव, माझा फोन नंबर, आणि पुढे, जुने शेजारी.