उज्वलाबाईंची एकांतातली कानउघाडणी

अर्ध्या करंज्या भरून, तळून झाल्या होत्या, बाकीच्या पुऱ्या ताटात वाळत पडल्या होत्या, तेवढ्यात उज्वलाबाईंना खिडकीतून मैना दिसली. मैना म्हणजे शेजारीण, चर्चच्या मंडळीतली बहीण आणि गाण्यातली जोडीदारीण. नाताळच्या उपासनेतलं गाणं दरवर्षी दोघींचंच. आणि आज तिच्या पदराखाली चक्क वाईनची बाटली!

बहीण चुकत असेल तर सांगायलाच हवं, गप्प बसलो तर आपणही दोषी. पण सांगायची रीत असते. आधी एकांतात, दोघींमध्येच. नाही ऐकलं तर साक्षीदार नेऊन. तरी नाही, तर मग मंडळीपुढे.

समोर बोलायला जीभ रेटेना. म्हणून त्यांनी फोनवर मायेने रेकॉर्ड केलं, "बाई गं, बाटली मी पाहिली. माणसांपासून लपवशील, प्रभूपासून कशी लपवशील? मी कुणाला म्हणजे कुणाला सांगणार नाही हो." आणि पिठाच्या बोटाने पाठवून दिलं.

गेलं ते महिला मंडळाच्या ग्रुपवर.

पहिलं उत्तर कुसाबाईंचं आलं, "केकमध्ये दोनच झाकणं रम घातली. क्षमा असावी." मग दिशा, "काकू, ती बाटली आमच्या ह्यांची!" शेवटी खुद्द पाळकीणबाई, म्हणजे चर्चच्या पाळकसाहेबांच्या पत्नी, "केकसाठी रममध्ये मनुका भिजवल्यात. पाळकसाहेबांना सांगू नका."

निरोप भलतीकडेच गेला, हे उज्वलाबाईंच्या आता लक्षात आलं. तोच मैना दारात.

"कुणाची गं बाटली? सगळा ग्रुप पेटलाय!"

"तुझी," उज्वलाबाई पुटपुटल्या.

मैनाचा चेहरा उतरला. तिने पदराखालची बाटली ओट्यावर आदळली. "तिळाचं तेल आहे. तुझ्या गुडघ्याला. माझ्या दिंडोरीच्या भावाला तेल भरायला रिकामी बाटली हीच मिळाली. पदराखाली का आणली? तू बघशील म्हणून!"

"चुकले गं. आता तू मला रागव."

"एकांतात रागवू की साक्षीदार आणू?"

"मैने, नाताळला माझ्याशेजारी उभी राहशील ना गायला?"

मैनाने ताटातली पुरी उचलून सारण भरायला घेतलं. "राहीन. या करंज्या मी बघते. तू आधी पाळकीणबाईंचं निस्तर. त्या ग्रुपचे ॲडमिन कोण आहेत, ठाऊक आहे ना?"

"कोण?"

"पाळकसाहेब."

उज्वलाबाईंनी हात धुतले, तळलेल्या करंज्यांचा डबा उचलला आणि पाळकीणबाईंची माफी मागायला शरणपूर रोडला त्यांच्या घरी निघाल्या.